कबला स्काउट पथकापर्यंत पोहोचवायचे कोणी?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात, २२ फेब्रुवारीला, पुण्यातील अनेक शाळांत चिंतन दिन साजरा झाला. स्काउट चळवळीचे जनक लॉर्ड बेडन-पॉवेल यांचा १८५७ सालचा हा जन्मदिवस, आणि योगायोगाने त्यांच्या पत्नी ओलाव्ह यांचाही. म्हणून जगभरचे स्काउट आणि गाईड तो पाळतात. शाळेच्या मैदानावर स्कार्फ बांधून ओळीत उभी असलेली मुले पाहिली की माझ्यासारख्या निवृत्त स्काउट मास्टरला आनंद होतोच, पण त्याबरोबर एक जुनी टोचणीही जागी होते. या ओळींतली चौथीची किती मुले जूननंतर पाचवीत स्काउट पथकात दिसतील, आणि दहावीतली किती मुले-मुली अकरावीत गेल्यावर रोव्हर किंवा रेंजर म्हणून पुन्हा गणवेश घालतील? अठ्ठावीस वर्षे पथक चालवल्यावर माझे उत्तर ‘फार थोडी’ असे आहे. ती थोडी का उरतात आणि त्याबाबत आपल्याला काय करता येईल, एवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

ज्यांचा या चळवळीशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. भारत स्काउट्स आणि गाईड्स या संस्थेत वयाप्रमाणे विभाग आहेत. साधारण दहा वर्षांपर्यंतचे मुलगे कब आणि मुली बुलबुल, दहा ते सतरा या वयातले स्काउट आणि गाईड, आणि शाळेनंतर पंचविसाव्या वर्षापर्यंत रोव्हर आणि रेंजर. प्रत्येक विभागाच्या आत वर चढण्याची वाट नीट आखून दिलेली आहे. कबला प्रथम, द्वितीय, तृतीय आणि चतुर्थ चरण, तर बुलबुलला कोमल पंख, रजत पंख, स्वर्ण पंख, हीरक पंख असे मिळत जातात. स्काउटला प्रवेशानंतर प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार. रोव्हरलाही प्रवीण, निपुण असे टप्पे आहेत. सोपान म्हणजे पायरी. विभागाच्या आतल्या पायऱ्या अशा मोजून बांधलेल्या आहेत, पण एका विभागातून दुसऱ्या विभागात जाताना मधे जे अंतर पडते तिथे कोणी फळीसुद्धा टाकलेली नाही, आणि मूल आपल्या पायांनी उडी मारून पलीकडे जाईल असे आपण सर्वांनी गृहीत धरलेले आहे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. मी तेव्हा शहराच्या मध्यवस्तीतल्या एका शाळेत शिक्षक होतो आणि शाळेचे स्काउट पथक माझ्याकडे होते. शाळा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी, प्राथमिक विभागातून नुकताच वर आलेला एक मुलगा मैदानावर आला. कबमध्ये तो सिक्सर होता, म्हणजे आपल्या छोट्या गटाचा पुढारी, आणि चतुर्थ चरणापर्यंत पोहोचलेला. त्याने स्कार्फ इतका काळजीपूर्वक गुंडाळला होता की मागचा त्रिकोण इस्त्री केल्यासारखा पाठीवर बसला होता. शिट्टी वाजली, संघनायकांनी आपापले संघ लावून घेतले, आणि हा मुलगा पाण्याच्या नळाजवळ उभा राहिला, कारण कोणत्या संघात उभे राहायचे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. तो माझ्याकडे पाहत होता आणि मी हजेरीपट भरत होतो. शेवटी एका मोठ्या मुलाने त्याला सगळ्यांची दप्तरे सांभाळायला बसवले. दुसऱ्या शनिवारीही तो दप्तरांपाशीच होता. तिसऱ्या शनिवारी तो आला नाही. महिन्याभराने त्याची आई शाळेत भेटली तेव्हा मी विचारले, त्यावर ती म्हणाली, “सर, तो म्हणतो, तिथं माझं नावसुद्धा कुणाला माहीत नाही.” आणि मला ते खरोखरच माहीत नव्हते. चार वर्षे तो मुलगा त्याच आवारात, माझ्या वर्गाच्या खालच्या मजल्यावर शिकत होता.

हा मुलगा स्काउटिंगला कंटाळला नव्हता. त्याच्या पालकांनी त्याला क्लासला घातले म्हणून तो गेला, असेही नव्हते. कबमध्ये ज्या मुलाच्या आवाजावर ग्रँड हाऊलची, म्हणजे कबांच्या एकत्रित गर्जनेची, सुरुवात होत असे, त्याला एका उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर दप्तरे राखायला बसवले गेले, आणि दहा वर्षांच्या मुलाने त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला. तो दोष माझा होता. त्यानंतर मी ज्या ज्या पथकांकडे लक्ष देऊन पाहिले, तिथे थोड्याफार फरकाने हीच गोष्ट घडताना दिसली, म्हणून ती इथे सांगण्यासारखी वाटते.

कब आणि स्काउट ही नावे एका श्वासात घेतली जातात, तरी मुलाच्या दृष्टीने ही दोन निरनिराळी जगे आहेत. कबचे जग ‘जंगल बुक’मधल्या जंगलाच्या गोष्टीवर उभे आहे. तिथे लांडग्यांचा नायक अकेला आहे, बालू अस्वल आहे, गोलात बसणे आहे, आणि सगळे काही हाताला धरून दाखवणाऱ्या, बहुतेक ठिकाणी वर्गशिक्षिकाच असलेल्या बाई आहेत. कबचे नियम दोनच : तो मोठ्यांचा आदर करतो, आणि तो स्वच्छ व विनयशील असतो. स्काउटचे नियम नऊ आहेत. तिथे गोल मोडून घोड्याच्या नालेच्या आकारात उभे राहायचे असते, गोष्ट संपून नकाशा, होकायंत्र आणि तंबू सुरू होतात, आणि मुख्य म्हणजे पुढारीपण मोठ्या माणसाच्या हातून निघून चौदा वर्षांच्या संघनायकाच्या हाती जाते. स्काउट मास्टरने मागे उभे राहायचे असते. संघपद्धतीचे सारे बळ त्यात आहे आणि ते तसेच राहावे असे माझे ठाम मत आहे. पण लहान मुलाला हा बदल सांगितला गेला नाही, तर त्याला एवढेच कळते की इथे सर लक्ष देत नाहीत आणि मोठी मुले हुकूम सोडतात. कालपर्यंत तो लहानांतला सर्वांत मोठा होता, आज तो मोठ्यांतला सर्वांत लहान झालेला असतो.

या चळवळीचे विभाग कसे पडले ते पाहिले तर ही हेळसांड अधिकच खटकते. १९०७ सालच्या ऑगस्टमध्ये ब्राउन्सी बेटावर बेडन-पॉवेल यांनी जे पहिले शिबिर घेतले, त्यात वीस मुलगे चार संघांत विभागलेले होते, आणि त्यांच्यासोबत बेडन-पॉवेल यांचा नऊ वर्षांचा पुतण्याही होता. म्हणजे वयात न बसणारे लहान मूल पहिल्याच शिबिरात हजर होते. पुढे स्काउटांचे धाकटे भाऊ ‘आम्हालाही घ्या’ म्हणून मागे लागले आणि १९१६ मध्ये कबचा विभाग निघाला. वयाने मोठे झालेल्या स्काउटांना चळवळ सोडवेना, म्हणून १९१८ मध्ये रोव्हर आले. खालचे आणि वरचे ही दोन्ही दारे मुलांनीच ठोठावून उघडून घेतलेली आहेत. आज ती दारे मुलांना दिसतच नसतील, तर त्याचे कारण आपण मोठ्यांनी शोधले पाहिजे.

पुणेकरांना तर नवागताला कसे आत घ्यावे याचा धडा बाहेरून आणावा लागू नये. ७ नोव्हेंबर १९५० रोजी देशातल्या वेगवेगळ्या स्काउट संघटना एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाईड्स ही संस्था झाली, आणि पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला गाईड्स तिच्यात सामील झाल्या. या संस्थेचे पहिले राष्ट्रीय आयुक्त पंडित हृदयनाथ कुंझरू हे आपल्या पुण्यात नामदार गोखल्यांनी १९०५ साली स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे सदस्य होते आणि १९३६ पासून त्याचे अध्यक्ष होते. त्या समाजात नव्या सदस्याला घेतल्यावर पहिली पाच वर्षे शिक्षणाखाली ठेवण्याचा नियम होता. शिकलेल्या, कर्त्या तरुणांना जिथे पाच वर्षे जाणत्यांच्या सोबतीने काढावी लागत, तिथे दहा वर्षांच्या मुलाला आपण पाच आठवडेही सोबत देत नाही.

त्या मुलाच्या आईशी बोलणे झाल्यावर आम्ही पुढच्या वर्षी काय केले ते सांगतो. प्राथमिक विभागाच्या कब मास्टर बाईंकडून मी फेब्रुवारीतच चौथीच्या कबांची नावे मागून घेतली आणि मार्चमधल्या तीन शनिवारी ती मुले आमच्या मैदानावर आणली. त्यांचे कार्यक्रम आम्ही मुद्दाम छोटे ठेवले, तासाभराचे. पहिल्या शनिवारी नुसते खेळ झाले. दुसऱ्या शनिवारी माझ्या मनात गाठी शिकवायचे होते, पण मी स्वतः न शिकवता ते काम संघनायकांवर सोपवले, आणि तिथे एक गोष्ट पाहायला मिळाली जी मला इतक्या वर्षांत कोणी शिकवली नव्हती. एक आठवीतला संघनायक, अभ्यासात मागे आणि बोलायला बुजरा, कपडे वाळत घालायच्या दोरीचा तुकडा घेऊन एका कबला बोलाइन नावाची गाठ शिकवत होता. प्रथम तो समोर बसला. कबला काही जमेना; दोरी ज्या बाजूने वर यायला हवी तिच्या नेमक्या उलट बाजूने तो घालत होता. दोनतीनदा असे झाल्यावर संघनायक थांबला, उठला, आणि त्या मुलाच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसला. समोरून गाठ उलटी दिसते, शेजारी बसले की दोघांचे हात एकाच बाजूने चालतात. पुढच्याच खेपेला कबच्या हातात गाठ बसली. ती त्याने ओढून पाहिली, सोडली, पुन्हा बांधली, आणि मग उठून आपल्या मित्राच्या शेजारी जाऊन बसला, समोर नाही.

त्या दिवसापासून आमच्या पथकात प्रत्येक येणाऱ्या कबला एक शेजारी बसणारा स्काउट नेमून देण्याची पद्धत पडली. रोव्हरच्या जुन्या परंपरेत नव्याने येणाऱ्या तरुणाला दोन जुने रोव्हर पाठराखे म्हणून दिले जात. अठरा वर्षांच्या तरुणाला ज्याची गरज मानली गेली, ते दहा वर्षांच्या मुलाला का नाकारायचे? हा पाठराखा फार हुशार असण्याची गरज नसते. माझ्या अनुभवाने राज्य पुरस्काराच्या तयारीत गुंतलेल्या मुलापेक्षा सातवी-आठवीतला साधा मुलगा ते काम अधिक चांगले करतो, कारण आपण लहान होतो ते त्याला अजून आठवत असते. त्याने करायचे ते एवढेच, की मुलाचे नाव पाठ करायचे, शनिवारी शिट्टी वाजण्याआधी त्याला फाटकापाशी गाठायचे, आपल्या संघात उभे करायचे, आणि तो आला नाही तर सोमवारी मधल्या सुट्टीत वर्गात जाऊन विचारायचे. जबाबदारी पेलल्यामुळे त्या मोठ्या मुलांत जो फरक पडला तो वेगळाच. तो बुजरा संघनायक पुढे पथकाचा सर्वांत विश्वासाचा मुलगा झाला.

दुसरी गोष्ट चिठ्ठीची. कब मास्टर बाई मुलाविषयी जे जाणतात ते सगळे एप्रिलअखेर बाईंपाशीच राहते आणि जूनमध्ये स्काउट मास्टर कोऱ्या हजेरीपटापासून सुरुवात करतो. प्रगती पुस्तिकेत बॅज लिहिलेले असतात, पण त्या मुलाला रात्री अंधाराची भीती वाटते, त्याला दम्याचा त्रास आहे, तो गाणे चांगले म्हणतो, त्याचा अमक्याशी जीव जडलेला आहे, हे त्यात कुठे असते? आम्ही अर्ध्या पानाची चिठ्ठी सुरू केली, आणि ती कागदावर संपू नये म्हणून बाई आणि मी चहाला बसून एकेका मुलाविषयी बोलत असू. ज्या दोन मित्रांचे जमते त्यांना एकाच संघात घालायचे हे त्या बोलण्यातून ठरे. एकटे मूल नवीन जागी जितके लवकर मागे फिरते तितके दोघे फिरत नाहीत, हे कोणत्याही आईला ठाऊक आहे.

वर जाण्याचा जो विधी असतो, ज्याला आम्ही इंग्रजी नावानेच ‘गोइंग अप’ म्हणत आलो, त्याचे महत्त्व मी मानतो. कबांचा गोल एका बाजूला आणि स्काउटांचे पथक दुसऱ्या बाजूला उभे आहे, आणि एक मूल सर्वांच्या देखत मधली मोकळी जागा ओलांडून जात आहे, हे दृश्य पाहताना पालकांचे डोळे भरून येतात. पण हा विधी शेवटी यायला हवा. ज्या पथकात त्याला कोणी ओळखत नाही तिथे टाळ्यांच्या गजरात पाठवून दुसऱ्या दिवसापासून विसरून जायचे, याला माझा विरोध आहे. आधी ओळख व्हावी. प्रवेशासाठी लागणारे वचन, नऊ नियम, खूण, सलामी, डाव्या हाताचे हस्तांदोलन हे सारे मार्चपासूनच पाठराख्याकडून शिकायला सुरुवात व्हावी. एखादी पर्वतीपर्यंतची किंवा तळजाईवरची छोटी सहल दोन्ही विभागांनी मिळून काढावी, आणि मग विधी व्हावा. असे झाले तर जूनमध्ये मूल नवखे राहत नाही आणि दीक्षाविधीची वाट पाहत महिनोन्‌महिने मागच्या ओळीत उभे राहण्याची पाळीही त्याच्यावर येत नाही.

पुण्यात यात एक खास अडचण आहे. आपल्याकडे अनेक प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच्या आहेत आणि पाचवीला मूल दुसऱ्या शाळेत जाते. जुन्या शाळेत कब होते आणि नव्या शाळेत स्काउट पथक आहे, पण दोन्ही शाळांतल्या शिक्षकांची एकमेकांशी ओळखही नाही, अशी परिस्थिती मी पेठांत पाहिली आहे, आणि उपनगरांत ती असणारच. दुसरी अडचण आपणच निर्माण केलेली आहे. संघ हा सहा ते आठ मुलांचा, आणि त्यात लहानमोठी मुले मिसळलेली असावीत, अशी मूळ कल्पना आहे. प्रत्यक्षात तासिकेच्या सोयीसाठी कित्येक शाळांत संघ इयत्तेप्रमाणे, नव्हे तुकडीप्रमाणे पाडले जातात. आठवी ‘ब’च्या संघात सगळेच आठवी ‘ब’चे असतील तर कोणी कोणाकडून शिकायचे? शिक्षकांवर इतर कामांचा किती बोजा आहे ते मी स्वतः भोगलेले आहे, त्यामुळे त्यांना बोल लावण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण महिन्यातला एक शनिवार तरी पाचवी ते नववीचे मिश्र संघ करून घेता येतात, आणि ते आम्ही करत होतो.

आता दुसऱ्या, अधिक अवघड जागेविषयी. नियमाप्रमाणे स्काउट सतरा वर्षांपर्यंत स्काउट राहू शकतो. पण पथक शाळेचे असते, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर पथकही सुटते. अकरावीच्या केंद्रीय ऑनलाइन प्रवेशात एका संघातली आठ मुले आठ महाविद्यालयांत विखुरतात. राज्य पुरस्कार मिळाला की स्काउटिंग पूर्ण झाले अशी समजूत मुलांची, पालकांची आणि खरे सांगायचे तर काही शिक्षकांचीही असते. दहावीला सवलतीचे गुण मिळावेत म्हणून येणाऱ्या मुलांवर माझा राग नाही. ज्या कारणाने येतील त्या कारणाने येऊ द्यावे, आल्यावर तंबूत झोपले आणि शेकोटीभोवती बसले की कारण बदलते. पण गुण मिळाल्यावर त्यांना पुढचे दार दाखवण्याचे काम कोणाचेच नसते. रोव्हर म्हणजे काय, हे दहावीतल्या मुलाला बहुधा माहीतच नसते, कारण त्याने आयुष्यात रोव्हर पाहिलेला नसतो.

तो त्याला दिसला पाहिजे, आणि काम करताना दिसला पाहिजे. आळंदीहून माउलींची आणि देहूहून तुकोबांची पालखी पुण्यात येते आणि भवानी पेठेत, नाना पेठेत मुक्कामाला असते, तेव्हा ज्या मंडपांत वारकऱ्यांची सेवा चालते तिथे एका वर्षी मी नुकत्याच दहावी झालेल्या चार मुलांना आमच्या ओळखीच्या रोव्हरांबरोबर पाठवले. एका रोव्हरने पाण्याचे घमेले घेतले, एका वृद्ध वारकऱ्याचे पाय त्यात ठेवले, टाचेवरचा फोड न फोडता भोवतीची माती हळूहळू धुतली, पाय मांडीवर घेऊन कोरडा केला आणि मग पट्टी बांधली. वारकरीबाबांनी उठताना त्याच्याच पाया पडायला हात पुढे केला. आमचा मुलगा हे सारे बाजूला, हातात कापूस घेऊन, पाहत होता. प्रथमोपचाराचा बॅज त्याला दोन वर्षांपूर्वीच मिळालेला होता; पण पुढचा पाय त्याने आपणहून मांडीवर घेतला. ‘सेवा’ हे रोव्हरचे ब्रीद मी त्याला फळ्यावर लिहून दाखवले असते तर त्याने ते वहीत उतरवून घेतले असते, याहून अधिक काही झाले नसते. त्या चौघांतले तिघे पुढे रोव्हर झाले.

मार्चमध्ये दहावीची परीक्षा संपते आणि अकरावीचे वर्ग सुरू होईपर्यंत मुले तीन-साडेतीन महिने मोकळी असतात. वर्षभरातला हाच काळ असा आहे की क्लास, गृहपाठ, सराव परीक्षा यांतले काही आड येत नाही, आणि नेमक्या याच काळात आपली शालेय पथके बंद असतात. रोव्हर आणि रेंजर यांनी परीक्षा संपल्यावरच्या पहिल्या आठवड्यातच या मुलांना बोलवावे, एखाद्या मुक्कामी शिबिरात मदतनीस म्हणून न्यावे, सिंहगडावर न्यावे. त्यांच्यासाठी महाविद्यालयाशी न जोडलेले, वस्तीतले खुले गट हवेत, म्हणजे प्रवेश कोणत्याही महाविद्यालयात मिळाला तरी गट सुटणार नाही. असे खुले गट काढता येतात आणि ते आहेतही; पण शहराच्या विस्ताराच्या मानाने मला ते फार तुरळक आढळले.

मुलींच्या बाबतीत मला विशेष वाईट वाटते. गाईड म्हणून दहावीपर्यंत उत्तम काम केलेल्या मुली रेंजर होत नाहीत, कारण घरचे संध्याकाळच्या वेळेचा आणि मुक्कामी शिबिराचा विचार करून नको म्हणतात. पालकांची ही काळजी मी खोटी मानत नाही. त्यांनी विचारावेच : शिबिरात किती स्त्री कार्यकर्त्या आहेत, मुलांजवळ कोणतीही मोठी व्यक्ती एकटी राहणार नाही याची व्यवस्था काय आहे, मोठी मुले लहानांना त्रास देत असतील तर कोणाकडे सांगायचे. लहान आणि मोठे विभाग एकत्र आणताना तर या प्रश्नांची उत्तरे आधी तयार हवीत, आणि ती देता येत नसतील तर तो कार्यक्रम घेऊ नये. पण उत्तरे मिळाल्यावर मुलीला पाठवावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. गर्ल गाईड्सच्या जागतिक संघटनेची संपूर्ण जगात जी मोजकी केंद्रे आहेत त्यांतले एक, ‘संगम’, आळंदी रस्त्यावर, आपल्या पुण्यात आहे. १६ ऑक्टोबर १९६६ रोजी ते सुरू झाले. कुठल्या कुठल्या देशांतून मुली तिथे येऊन राहतात, आणि पुण्यातल्या शाळांमधल्या माझ्या ओळखीच्या कितीतरी गाईडनी ते फाटकाबाहेरूनही पाहिलेले नव्हते. दरवर्षी आठवी-नववीच्या गाईडना शिक्षिकांनी तिथे परवानगी घेऊन एकदा न्यावे. आपण ज्या गोष्टीचा भाग आहोत ती किती मोठी आहे, हे मुलीला तिथल्या अंगणात पाच मिनिटांत कळेल.

मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की वार्षिक नियोजनात मार्चचे दोन शनिवार या कामासाठी राखून ठेवावेत. त्याला पैसे लागत नाहीत, मैदान आणि शिट्टी पुरते. ज्या प्राथमिक शाळेत कब किंवा बुलबुल आहेत पण पुढचा विभाग नाही, तिथल्या बाईंनी मुले ज्या माध्यमिक शाळांत जाणार आहेत तिथल्या स्काउट मास्टरांना आणि गाईड कॅप्टनना आताच भेटावे. आणि या शहरात वीस ते साठ वयाचे जे असंख्य जुने स्काउट आणि गाईड आहेत, ज्यांनी कधी काळी ‘खरी कमाई’च्या, म्हणजे स्वतः कष्ट करून पैसे मिळवण्याच्या, दिवशी भेळ विकली आहे आणि पावसात तंबूच्या खुंट्या ठोकल्या आहेत, त्यांनी महिन्यातले दोन शनिवार घराजवळच्या शाळेला द्यावेत. तिथल्या शिक्षकाला भाषण करणारा पाहुणा नको आहे. पाच नव्या मुलांकडे लक्ष ठेवणारे एक जास्तीचे माणूस हवे आहे. पथक चालवण्याच्या प्रशिक्षणाचा बेसिक कोर्स नंतर करता येतो, नावे पाठ करण्यापासून सुरुवात करावी.

संपादक महोदय, आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. जूनमध्ये आपण पाचवीच्या आणि अकरावीच्या प्रवेशाची माहिती सविस्तर छापता. त्याच पानावर, पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या कोणत्या भागात कोणते स्काउट-गाईड पथक आणि कोणता रोव्हर-रेंजर गट कोणत्या वारी, किती वाजता भरतो, याची एक यादी छापावी. ती गोळा करण्यासाठी लागणारी पायपीट मी आणि माझे काही जुने विद्यार्थी मार्च-एप्रिलमध्ये करू, आणि मेअखेरपर्यंत ती आपल्या कार्यालयात आणून देऊ.

आपला विश्वासू,
एक निवृत्त स्काउट मास्टर,
सदाशिव पेठ, पुणे